एक्सपीवरचा डी६३० आणि डब्ल्यूपीए३चा राउटर: मशीन शॉपमधलं एक प्रकरण

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीतली एक लहान मशीन शॉप. दोन व्हीएमसी (कॉम्प्युटरच्या हुकमावर चालणारी उभी मिलिंग मशीन), एक लेथ आणि पत्र्याच्या पार्टिशनमागे ऑफिस. मोठ्या व्हीएमसीशेजारी लोखंडी टेबलावर डेल लॅटिट्यूड डी६३० ठेवलेला. २००७ सालचं मॉडेल, कोअर २ ड्युओ प्रोसेसर, २ जीबी रॅम, इंटेल ३९४५एबीजी वायरलेस कार्ड, विंडोज एक्सपी सर्व्हिस पॅक २. त्याला एकच काम: ऑफिसमध्ये तयार झालेला प्रोग्रॅम घ्यायचा आणि आरएस-२३२ या जुन्या पद्धतीच्या सिरियल केबलमधून मशीन चालवणाऱ्या फॅनक कंट्रोलरला पाजायचा. मोल्डचे प्रोग्रॅम लांबलचक असतात, कंट्रोलरच्या मेमरीत मावत नाहीत, म्हणून ड्रिप फीड. कटिंग चालू असताना लॅपटॉपकडून एकेक ओळ जात राहते.

हा लॅपटॉप बदलत का नाहीत, हा पहिला प्रश्न कोणीही विचारेल. त्याच्या मागच्या बाजूला खरा नऊ पिनांचा सिरियल पोर्ट आहे, आणि प्रोग्रॅम पाठवणाऱ्या डीएनसी सॉफ्टवेअरचं लायसन्स त्याच मशीनला बांधलेलं आहे. यूएसबी-सिरियल कन्व्हर्टर लावून नव्या लॅपटॉपवर हे काम होऊ शकतं. पण स्वस्त कन्व्हर्टर एक्सऑन-एक्सऑफचा, म्हणजे ‘पाठव’ आणि ‘थांब’चा इशारा वेळेवर पाळत नाहीत. कंट्रोलर ‘थांब’ म्हणतो तोवर इकडून आणखी अक्षरं सुटलेली असतात, बफर भरतो आणि अर्ध्या जॉबवर अलार्म येतो. चालू असलेली सिरियल साखळी मोडायची नाही, हा मालकांचा आग्रह योग्यच होता.

अडचण सुरू झाली फायबरचं कनेक्शन आणि नवा ड्युअल बँड राउटर आल्यावर. राउटर बसवताना सिक्युरिटी ‘फक्त डब्ल्यूपीए३’, म्हणजे वायफायचं सगळ्यात नवं कुलूप, अशी ठेवली गेली. ग्राहकांची ड्रॉइंग्ज त्याच नेटवर्कवरून ये-जा करतात, तेव्हा तो निर्णय चांगला होता. पण दुसऱ्या दिवशी डी६३०च्या यादीतून नेटवर्कचं नावच गायब. तिसऱ्या दिवसापासून ऑपरेटर पेन ड्राइव्ह घेऊन ऑफिस ते मशीन अशा फेऱ्या मारू लागला.

झटपट उपाय सुचवणारे असतातच. राउटर ‘डब्ल्यूपीए-डब्ल्यूपीए२ मिक्स्ड’ या आधीच्या कुलपांवर टाका, नाहीतर जुन्या लॅपटॉपपुरतं वेप हे सगळ्यात जुनं कुलूप चालू करा. दोन्हींना नकार दिला, आणि का दिला ते सांगायला हवं. वेपमध्ये प्रत्येक पॅकेटसाठी बदलणारा आकडा फक्त २४ बिटांचा असतो. म्हणजे सुमारे १ कोटी ६७ लाख आकडे संपले की पुन्हा तेच. २००१ सालीच वेपची पद्धत फोडता येते हे सिद्ध झालं आणि २००७पर्यंत काम मिनिटावर आलं. मिक्स्ड मोडमध्ये नवे फोन आपापलं बोलणं एईएस या मजबूत सांकेतिक पद्धतीत करतात, पण सगळ्यांसाठी असलेली सामाईक ग्रुप की टीकेआयपी या जुन्या, कमकुवत पद्धतीवर उतरते. एका लॅपटॉपसाठी सगळ्या ऑफिसचं कुलूप ढिलं होतं. नेटवर्क आहे तिथेच राहील, लॅपटॉपला तिथवर न्यायचं, हे आधी ठरवलं आणि मग काम हाती घेतलं.

नाव का दिसत नव्हतं

सुरुवात हाताने तपासण्यापासून. डी६३०च्या बाजूला वायरलेसचा सरकता स्विच आहे, तो चालू. एफएन आणि एफ२ दाबून रेडिओ बंद-चालू होतो, तोही चालू. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ३९४५एबीजी दिसतं, पिवळं चिन्ह नाही. शेजारच्या शेडची नेटवर्कं यादीत येतात, पण क्षीण. इथे एक शंका आली ती खरी निघाली. कोणीतरी पंखा साफ करायला लॅपटॉप उघडला होता, आणि कार्डवरच्या दोन अँटेना वायरींपैकी एक सुटून बाजूला पडली होती. हे कनेक्टर तांदळाच्या दाण्याएवढे. बोटाच्या नखाने सरळ वरून दाबले की टिक असा बारीक आवाज येतो. तिरके दाबले तर कार्डवरची कडी वाकते, मग कार्डच बदलावं लागतं. वायर बसवताच शेजारची नेटवर्कं दोन काड्यांवरून चारवर आली. आपलं नाव मात्र तरीही नाही.

मग राउटरचं पान उघडून चॅनेल पाहिला. २.४ गिगाहर्ट्झ ऑटोवर होतं आणि राउटरने १३ निवडला होता. भारतात १ ते १३ चॅनेल चालतात. पण हा लॅपटॉप अमेरिकेतून आलेल्या सेकंड हँड लॉटमधला होता आणि तिथल्या हिशेबाने बनलेली कार्डं ११च्या पुढे ऐकतच नाहीत. आपल्याकडे जुन्या बाजारात मिळणाऱ्या कितीतरी लॅपटॉपची हीच गत असते. लोक ड्रायव्हर टाकून टाकून थकतात आणि दोष निघतो चॅनेलचा. १, ६ किंवा ११ यांपैकी एक कायमचा ठरवून द्यावा. इथे ६ दिला, रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवली. कार्डाला ५ गिगाहर्ट्झवर ८०२.११ए येतं खरं, पण पार्टिशन आणि मशीनच्या लोखंडामागे ५ गिगाहर्ट्झ पोहोचत नव्हतं, म्हणून तिकडे वेळ घालवला नाही.

चॅनेल बदलल्यावर नाव दिसलं. पासवर्ड टाकला तर एक्सपीने सांगितलं की पासवर्ड ४० किंवा १०४ बिटांचा हवा, म्हणजे ५ किंवा १३ अक्षरं, नाहीतर १० किंवा २६ हेक्स आकडे. या संदेशावर बरेच लोक पासवर्ड चुकला समजून तोच पुन्हा पुन्हा टाकतात. पासवर्डचा दोष नसतो. समोरचं कुलूप एक्सपीला ओळखता येत नाही, म्हणून ते त्याला वेप समजून वेपचीच किल्ली मागतं.

रेडिओ वेगळा, कुलूप वेगळं

पुढे जाण्याआधी दोष रेडिओत उरलाय की फक्त कुलपात, हे पक्कं करायला हवं होतं. त्याची सोपी चाचणी आहे. राउटरमागची फायबरची जोडणी काढली, म्हणजे इंटरनेट बंद. गेस्ट नेटवर्क पाच मिनिटांसाठी विनापासवर्ड, फक्त २.४ गिगाहर्ट्झवर, आणि गेस्टला ऑफिसच्या नेटवर्कमध्ये शिरायची मुभा नाही. लॅपटॉप लगेच जोडला गेला. याचा अर्थ कार्ड, अँटेना, ड्रायव्हर आणि रेडिओ ठीक आहेत, अडलंय ते कुलपाशी. खुलं नेटवर्क तिथल्या तिथे बंद केलं आणि मगच फायबर परत लावलं. हा क्रम उलटा करू नये.

कुलूप का अडलं, याचं उत्तर तारखांत आहे. एक्सपीची सर्व्हिस पॅक २ आली ऑगस्ट २००४मध्ये. डब्ल्यूपीए२ची प्रमाणपत्रं निघू लागली सप्टेंबर २००४मध्ये. जेमतेम महिन्याची चुकामूक, आणि त्यामुळे सर्व्हिस पॅक २च्या यादीत डब्ल्यूपीए-पीएसके (पीएसके म्हणजे सगळ्यांना एकच पासवर्ड) आहे पण डब्ल्यूपीए२-पीएसके नाही. २००५ साली मायक्रोसॉफ्टने केबी८९३३५७ ही वेगळी दुरुस्ती दिली, नंतर तिची जागा केबी९१७०२१ने घेतली, आणि २००८च्या सर्व्हिस पॅक ३मध्ये ती आतच आली. कार्डाची अडचण नव्हती. मार्च २००६पासून वायफायचा शिक्का मिळवायला डब्ल्यूपीए२ सक्तीचं होतं, आणि ३९४५एबीजीला एईएस येतं. त्याहून जुन्या, ८०२.११बीच्या जमान्यातल्या कार्डांत एईएसचं इंजिनच नसतं. तिथे सॉफ्टवेअर कितीही बदललं तरी उपयोग नाही, कार्ड बदलणं हाच मार्ग.

सर्व्हिस पॅक ३ टाकण्याआधी क्लोनझिला या प्रोग्रॅमने संपूर्ण हार्ड डिस्कची प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली. ही पायरी वगळायची नाही. वीस वर्षांच्या उंबरठ्यावरची डिस्क आहे, तिच्यावर लायसन्स आहे, आणि मध्येच वीज गेली तर परत यायला वाट हवी. सी ड्राइव्हवर २ जीबी मोकळी जागा केली. फाइल सुमारे ३१६ एमबीची. ती दुसऱ्या, अँटीव्हायरस असलेल्या कॉम्प्युटरवर तपासली. प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर मायक्रोसॉफ्टचीच आहे हे पाहिलं आणि मग एफएटी३२ केलेल्या पेन ड्राइव्हवरून आणली. एक्सएफएटी केलेली पेन ड्राइव्ह साधा एक्सपी वाचत नाही. बॅटरी केव्हाच मेलेली, त्यामुळे लॅपटॉप यूपीएसवर ठेवून इन्स्टॉल केलं.

रीस्टार्टनंतर नवाच पेच. यादी उघडली की विंडोज म्हणतं, हे कनेक्शन मला सांभाळता येत नाही, दुसरा प्रोग्रॅम सांभाळतोय. तो दुसरा म्हणजे इंटेलचा प्रोसेट. दोघे एकाच कार्डावर हक्क सांगतात. प्रोसेट काढला, ड्रायव्हर तेवढा ठेवला, आणि सर्व्हिसेसमध्ये ‘वायरलेस झिरो कॉन्फिगरेशन’ ऑटोमॅटिक करून सुरू केली.

आता राउटरवर फक्त या लॅपटॉपसाठी गेस्ट नेटवर्क: २.४ गिगाहर्ट्झ, फक्त डब्ल्यूपीए२, फक्त एईएस. मॅनेजमेंट फ्रेम (जोडणी-तोडणीचे संदेश) संरक्षण बंद, कारण डब्ल्यूपीए३मध्ये ते सक्तीचं असतं आणि २००७चा ड्रायव्हर त्याच्यापाशी अडखळतो. फास्ट रोमिंग, म्हणजे ८०२.११आरही बंद. ‘डब्ल्यूपीए२-डब्ल्यूपीए३ ट्रान्झिशन’ हा पर्याय कागदावर जुन्या यंत्रांना चालतो. पण त्यात राउटर एकाच घोषणेत दोन प्रकारच्या ओळखी सांगतो, आणि काही जुने ड्रायव्हर दुसरी ओळख वाचून पहिलीही सोडून देतात. वायरलेस मोड ‘फक्त एएक्स’ नसावा, जी-एन-एएक्स असा मिश्र हवा, नाहीतर ८०२.११जीच्या या जुन्या कार्डाला दारच नाही.

पासवर्ड २४ अक्षरांचा, फक्त इंग्रजी लहान अक्षरं आणि आकडे. मर्यादा ८ ते ६३ अक्षरांची आहे. खुणा मुद्दाम टाळल्या. एक्सपीत कीबोर्ड चुकून ब्रिटिश मांडणीवर असेल तर ॲटचं चिन्ह आणि दुहेरी अवतरण यांची अदलाबदल होते, आणि पासवर्डच्या चौकटीत ठिपक्यांशिवाय काही दिसत नाही. शंका आली तर आधी नोटपॅडमध्ये टाइप करून पाहावं आणि सेव्ह न करता बंद करावं. एक्सपी तोच पासवर्ड दोनदा मागतो, हे नव्या लोकांना माहीत नसतं.

जोडलं गेलं. सिग्नल चांगला, स्थिती ‘कनेक्टेड’, पण कुठलंच पान उघडेना. टीसीपी-आयपीच्या चौकटीत जुन्या राउटरच्या वेळचा हाताने टाकलेला पत्ता आणि गेटवे तसाच पडून होता, आणि गेस्ट नेटवर्कचे पत्ते वेगळ्या ओळीतले. आधीच्या खुल्या चाचणीत हे ध्यानात आलं नाही, कारण तेव्हा फक्त जोडणी पाहिली होती, पत्ता नाही. पत्ता आपोआप घेण्यावर ठेवला आणि काम झालं.

जोडलं, तरी तसं ठेवलं नाही

इथे बरेच जण हात झटकतात. पण आता खरा प्रश्न पुढे आला: ऑफिसच्या विंडोज ११ कॉम्प्युटरवरचा प्रोग्रॅम लॅपटॉपवर कसा यायचा? गेस्ट नेटवर्क ऑफिसपासून तोडलेलं आहे. ते जोडलं तरी एक्सपीला फाइल शेअरिंगची एकच बोली येते, एसएमबीची पहिली आवृत्ती. विंडोज १०मध्ये २०१७च्या शेवटापासून ती मुळात बसवलेलीच नसते. मे २०१७मध्ये वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो याच आवृत्तीच्या भोकातून. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती परत चालू करणं म्हणजे वेप चालू करण्याचंच भावंड.

शिवाय एक्सपीला ८ एप्रिल २०१४ नंतर नियमित दुरुस्त्या नाहीत. २०१७च्या ऑक्टोबरमध्ये डब्ल्यूपीए२च्या हस्तांदोलनातला, म्हणजे जोडणी जुळतानाच्या देवाणघेवाणीतला, क्रॅक नावाचा दोष उघड झाला. त्याची मुख्य दुरुस्ती ग्राहक यंत्राच्या बाजूने करायची होती, आणि ती एक्सपीला कधीच मिळाली नाही. म्हणजे कुलूप नवं लावलं तरी दाराची चौकट जुनीच.

म्हणून हवेशी बोलण्याचं काम लॅपटॉपकडून काढून घेतलं. ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं सॉफ्टवेअर चालणारा हाताच्या तळव्याएवढा छोटा राउटर व्हीएमसीशेजारी पूल म्हणून लावला. तो हवेतून ऑफिसच्या मुख्य नेटवर्कला डब्ल्यूपीए३ने जोडतो आणि लॅपटॉपला इथरनेटच्या केबलने. ओपनडब्ल्यूआरटीच्या २१.०२ आवृत्तीपासून डब्ल्यूपीए३ मूळ इमेजमध्येच असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. लॅपटॉपच्या दृष्टीने वायरलेस उरलंच नाही, एक केबल आहे बस्स.

यात पहिला खड्डा ठरलेला. ओपनडब्ल्यूआरटीचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो, आणि ऑफिसच्या राउटरचाही तोच होता. दोन्ही बाजूंना एकच पत्ता असला की पूल कुठल्या काठाला माल द्यायचा या गोंधळात अडकतो. म्हणून हवेशी जोडण्याआधीच लॅपटॉपच्या बाजूचा पत्ता १९२.१६८.५०.१ केला. ऑफिसच्या राउटरवर पुलाला १९२.१६८.१.३० आणि डिझाइनच्या कॉम्प्युटरला १९२.१६८.१.२० असे पत्ते राखून ठेवले.

नंतर फायरवॉल. मुळात आतून बाहेर सगळंच जाऊ देणारी परवानगी असते, ती काढून टाकली. तिच्या जागी एकच नियम: लॅपटॉपच्या बाजूकडून १९२.१६८.१.२०च्या पोर्ट ८०८०ला टीसीपी जाऊ दे. इंटरनेट नाही, बाकीचे कॉम्प्युटर नाहीत. बाहेरून आत येणारं तर मुळातच बंद.

डिझाइनच्या कॉम्प्युटरवर मंजूर प्रोग्रॅमचा वेगळा फोल्डर केला आणि पायथॉनच्या अंगभूत एचटीटीपी सर्व्हरने तेवढाच फोल्डर पोर्ट ८०८०वर वाचायला दिला. हा सर्व्हर दिलेल्या फोल्डरखालचं सगळं दाखवतो, म्हणून त्यात ड्रॉइंग, कोटेशन काहीही ठेवायचं नाही. त्या कॉम्प्युटरच्या फायरवॉलमध्येही पोर्ट ८०८० फक्त १९२.१६८.१.३०साठी उघडं. कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला की सर्व्हर बंद पडतो, म्हणून टास्क शेड्युलरमध्ये घातला. एक्सपीवरचा इंटरनेट एक्सप्लोरर बाहेरच्या आजच्या वेबसाइट फारशा उघडू शकत नाही, पण ही साधी यादी व्यवस्थित उघडतो. फाइलवर राइट क्लिक करून ‘सेव्ह टार्गेट ॲज’.

विजेची बाजूही पाहावी लागते. पूल लॅपटॉपच्या यूएसबीवर चालवू नये, तिथे ५०० मिलीअँपिअरच मिळतात आणि वायरलेस जोरात चालू लागलं की तो रीस्टार्ट होतो. ५ व्होल्टचा स्वतंत्र ॲडॅप्टर लावला. पूल कंट्रोल पॅनेलच्या लोखंडी पेटीत न ठेवता बाहेर, डोक्याच्या उंचीवर, ऑफिसच्या दिशेने अडकवला. लॅपटॉपचा चार्जर व्हीएमसी ज्या अर्थिंगवर आहे त्याच अर्थिंगच्या प्लगवर हवा. दोन अर्थिंगमध्ये थोडाही फरक असला तर तो आरएस-२३२च्या ग्राउंड वायरमधून वाट काढतो आणि पोर्ट जाळतो. इथरनेटच्या पोर्टात ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे ती बाजू तुलनेने निर्धास्त.

एक्सपीची गरज नसती तर हा सगळा खटाटोप नको होता. कोअर २ ड्युओ ६४ बिटांचा आहे, त्यावर हलक्या डेस्कटॉपसह डेबियन लिनक्स चालतं, आणि डेबियन १२पासून कार्डाचं फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच मिळतं. डब्ल्यूपीए३ हवंच असेल तर मीडियाटेकच्या एमटी७६१२यू चिपचा यूएसबी ॲडॅप्टर लावावा, त्याचा ड्रायव्हर लिनक्सच्या गाभ्यातच आहे. घरी कपाटात पडलेल्या लॅपटॉपसाठी हाच मार्ग धरावा.

शेवटची तपासणी लॅपटॉपवरूनच केली. कमांडच्या खिडकीतून १९२.१६८.१.२०ला पिंग: उत्तर नाही. असंच हवं. उत्तर आलं असतं तर नियम फक्त पोर्ट ८०८०पुरता नाही, हे कळलं असतं. ऑफिसच्या राउटरचं पान: उघडत नाही. बाहेरची वेबसाइट: उघडत नाही. पोर्ट ८०८०चं पान: उघडतं. मग वायरलेस गेस्ट नेटवर्क राउटरवरून पुसलं आणि डी६३०च्या कडेचा स्विच बंदकडे सरकवला. चॅनेल मात्र ६वरच राहू दिला.

पहिला प्रोग्रॅम उतरवल्यावर दोन्हीकडची फाइल बाइटपर्यंत जुळवली, पहिल्या आणि शेवटच्या ओळीत टक्क्याची खूण आहे का पाहिलं. मग टूल जॉबच्या वर ५० मिलिमीटर उचलून ड्राय रन, सिरियलची सेटिंग ४८०० बॉड, ७ बिट, ईव्हन पॅरिटी, पूर्वीसारखीच. ऑपरेटरने पेन ड्राइव्ह टेबलाच्या खणात टाकली आणि व्हाइसमध्ये ब्लॉक बांधायला घेतला.